सरपंचबाईंचं कुटुंब

ओटा बांधायचा हे माझं मी ठरवलं. आमच्या घरात एखादी गोष्ट माझी मी ठरवायचा योग क्वचित येतो, आणि आला की त्याचं पुढे काय होतं तेच आज तुम्हाला सांगायला बसलो आहे.

सत्यभामा तेव्हा सरपंचांच्या प्रशिक्षणाला भंडाऱ्याला गेली होती. (सरपंच ती आहे. मी, टेकचंद पटले, तुमसरच्या एका राईस मिलमध्ये कारकून आहे आणि गावात सरपंचपती आहे. हे पद कुठल्याच कायद्यात नाही, तरी त्या पदाला चहा मात्र सगळीकडे मिळतो.) न्हाणीच्या कामातून सिमेंट उरलं होतं, विटा उरल्या होत्या आणि मिस्त्रीचा अर्धा दिवसही उरला होता. मी मिस्त्रीला सांगितलं, सकाळी सरपंचबाईंना भेटायला लोक येतात, दारात ताटकळतात, त्यांना टेकायला एक ओटा असावा. खरं कारण तुम्हाला सांगतो. संध्याकाळी मिलमधून आल्यावर पायावर पाय टाकून बसावं, आणि सिहोऱ्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्यानं "राम राम, टेकचंदभाऊ" म्हणावं, एवढीच माझी राजकीय महत्त्वाकांक्षा होती. आता हे अंगणात बसून साधत नाही, कारण अंगणाला भिंत आहे. भिंतीबाहेर नाली आहे आणि नालीपलीकडे रस्ता. मी नालीवर फरशी टाकून घेतली आणि ओटा पलीकडे बांधला. म्हणजे तो आमच्या घराला लागून होता आणि रस्त्यालाही लागून होता. रस्त्याला जरा जास्तच.

सत्यभामा परत आली, ऑटोतून उतरली आणि ओट्यासमोर उभी राहिली.

"हे काय होय?"

"ओटा."

"कोनाच्या जागेत हाये?"

"आपल्या घरासमोर हाये."

"मी घर नाही इचारलं. जागा इचारली."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती मामा तलावाच्या, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीबद्दल कोणाशी तरी बोलत आत गेली. ती पुढे काही बोलली नाही, ही मी परवानगी समजलो. (लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसानं अशी समजूत करून घ्यावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.)

मग एका संध्याकाळी परसराम आला. परसराम आमचा उपसरपंच. त्याला सरपंचच व्हायचं होतं, पण जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि त्याच्या बायकोनं उभं राहायला साफ नकार दिला. तेव्हापासून तो आमच्या घरावरून जाताना मान वळवून जायचा. त्या दिवशी मात्र थांबला.

"टेकचंदभाऊ, ओटा मस्त झाला गा!"

"बसा नं."

"मी नाही, तुम्ही बसा. तसेच. पाय वर घ्या. आता मिशीवर हात ठेवा."

मी मिशीवर हात ठेवला. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, मग दोन पावलं मागे जाऊन रस्ता दिसेल असा आणखी एक काढला.

"फेसबुकवर टाकता का?" मी विचारलं. (आवाजात जरा लाज होती, खोटं कशाला सांगू.)

"फेसबुकवर नाही गा. भंडाऱ्याले, कलेक्टर ऑफिसात. कलम चौदा." एवढं बोलून त्यानं माझ्या हातातला चहा घेतला, पिऊन कप परत दिला आणि म्हणाला, "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बोलू."

कलम चौदा! मला टीव्हीवरची कलमं माहीत होती. तीनशे दोन म्हणजे खून, चारशे वीस म्हणजे फसवणूक. आता तर नवे कायदे आले, नंबरही बदलले, म्हणजे इतकी वर्षं पाठ करून ठेवलेली भीतीसुद्धा वाया गेली. पण चौदा म्हणजे काय? तीनशे दोनला फाशी असेल तर चौदाला काय असेल? आकडा जितका लहान तितकी शिक्षा मोठी असा हिशेब असला तर? रस्त्यावर जीपचा आवाज आला की मी मागच्या दारानं बाहेर जाऊन उभा राहायचो. जीप बहुतेक चिखल्याच्या खाणीकडे जाणारी असायची, पण माझे पाय कधी जीप विचारून पळत नाहीत.

ओट्यावर बसणं तर सोडाच, मी त्याला वळसा घालून घरात जायला लागलो. एके दुपारी बघतो तर शेजाऱ्याची शेळी त्यावर बसून रवंथ करत होती. मला तिचा मनापासून हेवा वाटला. शेळीवर कुठलंच कलम लागत नाही.

तुम्ही म्हणाल, बायको सरपंच आहे, प्रशिक्षण घेऊन आली आहे, तिलाच का नाही विचारलं? विचारलं असतं तर ती पुन्हा म्हणाली असती, "जागा कोनाची?" आणि मला पुन्हा "आपल्या घरासमोर"च म्हणावं लागलं असतं. दुसरंही एक होतं. ही बाई आधी दाराआडून बोलायची. आता तिनं मामा तलावाची फुटलेली पाळ बांधून घेतली, तुमसरला गेली की बीडीओ खुर्चीवरून उठून उभे राहतात. ती सही करताना मी बाजूला उभा राहून बघत असतो. मला आवडतं ते. माझ्या पायावर पाय टाकण्याच्या हौसेपायी तिचं हे सगळं जाईल, या विचारानं मला खरोखर रडू यायचं.

शेवटी मी तुमसरला भुपेंद्रकडे गेलो. भुपेंद्र तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. तो वकील नाही, पण काळा कोट घालतो. (थंडीसाठी घालतो असं म्हणतो. मे महिन्यातही घालतो.)

"कलम चौदा म्हंजे काय गा?" मी हळूच विचारलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "ग्रामपंचायतीचं होय का? मंग लय मोठं हाये. लेकरं किती?"

"दोन. अमर अन् खुशबू."

"तिसरं?"

"नाही."

"पक्कं?"

"माह्या माहितीत तं नाही."

"घराचा टॅक्स?"

"भरला."

"घरात संडास हाये?"

"हाये."

"वापरता?"

"वापरतो. कधीमधी सकाळी धानाच्या बांधीकडे चक्कर..."

"श्श! इथं बोलू नोको. त्याचं बी कलम हाये." त्यानं मागेपुढे बघितलं. "मंग राह्यलं काय? सरकारी जागा? अतिक्रमण?"

मी त्याच्या टेबलाची कड नखानं खरवडायला लागलो. डॉक्टरला दुखरी जागा सापडली की त्याचा चेहरा जसा उजळतो, तसा भुपेंद्रचा उजळला.

"सदस्यानं सरकारी जागेत अतिक्रमण केलं, नाही तं त्याच्या कुटुंबानं केलं, पद गेलं."

"कोनाचं?"

"बाईचं."

"पन ओटा तं मी बांधला!"

"म्हनूनच तं. तू तिचं कुटुंब नं!"

आता आमच्याकडे कुटुंब म्हणजे बायको. माझे आजोबा "आमचं कुटुंब माहेरी गेलं" म्हणायचे तेव्हा फक्त आजी गेलेली असायची, बाकीचे सगळे घरीच असायचे. भर बाजारात, तहसीलसमोर, कोणीतरी मला कुटुंब म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण लाजायलाही सवड नव्हती.

"अन् ओटा बांधनाऱ्याले काय सजा?"

"काही नाही. तू मोकळा."

"काहीच नाही?"

"कायद्यात नाही. घरी असन तं मले मालूम नाही."

"तोडून टाकू का?"

"तोडला तं कबुली झाली. फोटो तं हायेच."

"राहू देऊ?"

"राहू दिला तं अतिक्रमण चालू."

"मंग करू काय मी?"

भुपेंद्रनं डोळे मिटले. कोटाची बटणं लावली. मग डोळे उघडून म्हणाला, "ओटा राहू दे. तूच कुटुंबातून निंघ."

"म्हंजे?"

"अलग राहा. अलग चूल मांड. साऱ्या गावाले दिसलं पायजे. मंग ओटा टेकचंद पटलेचा, अन् टेकचंद पटले सरपंचबाईचा कोनी नाही."

मला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला काहीही पटतं. घरी जाताना एसटीत मी वाक्याचा सराव केला. शेजारचा प्रवासी दोनदा माझ्याकडे वळून बघून तिसऱ्यांदा जागा बदलून बसला. घरी पोचलो तेव्हा सत्यभामा चष्मा लावून कुठलातरी शासन निर्णय वाचत होती.

"मी अलग राहाले जाऊन राहिलो," मी म्हणालो.

"कुठं?"

"कोठ्यात."

कोठा म्हणजे आमच्या बैलांचा. खळ्यावर आहे, गावाच्या टोकाला.

"काहून?"

"तसंच."

"किती दिवस?"

"तुही टर्म संपेपर्यंत."

तिनं चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडेल, हात धरेल, निदान कारण तरी पुन्हा विचारेल. विचारलं असतं तर मी सगळं ओकून टाकलं असतं.

"ब्लँकेट घेऊन जा," ती म्हणाली, "थंडी हाये."

मला हे फार लागलं. तिलाही काही लागलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कोठ्यात मी होतो आणि दोन बैल होते. त्यांनी मला जागा दिली, पण नाखुशीनं. भुपेंद्रच्या सांगण्याप्रमाणे मी चूल बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी मांडली. पहिल्याच दिवशी भात करपला. आमचा सगळा जिल्हा भातावर जगतो, मी राईस मिलचा कारकून, आणि माझ्या करपलेल्या भाताचा वास गावभर गेला. लोक मुद्दाम खळ्यावरून जायला लागले. कोणी म्हणे बाईनं हाकलला, कोणी म्हणे यानंच सोडली. गावाला दिसावं हीच माझी इच्छा होती, आणि गावाला दिसतंय म्हणून मला तोंड वर करता येईना.

मग राजकुमार आला. राजकुमार म्हणजे सत्यभामेचा मोठा भाऊ. बपेऱ्याच्या पलीकडे, मध्यप्रदेशात त्याची शेती आहे. अंगानं असा की मोटरसायकलवरून उतरला की मोटरसायकल सुस्कारा टाकते. तो सरळ कोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि आतला उजेड गेला.

"जवाईबापू, काहून सोडली माह्या बहिनीले?"

"मी नाही सोडली," मी बैलाच्या मागे सरकत म्हणालो, "कलमापायी झालं."

"ही कलम कोन?"

"आता कसं सांगू..."

"सांगा! कोनत्या गावची होय?"

"गावची नाही. मुंबईची होय. विधानसभेत झाली."

"विधानसभेत?" राजकुमारचे डोळे विस्फारले. "आमदारीन हाये का?"

"नाही गा! ते सगळ्या महाराष्ट्राले लागू हाये."

"साऱ्या महाराष्ट्राले! अन् तुम्ही तिच्या नादी लागले? आमच्या एमपीत असं चालत नाही!"

"एमपीत नाहीच चालत. तिथं लागू नाही," मी कळवळून म्हणालो.

हे ऐकून तो आणखीच चिडला. त्यानं एक बोट माझ्यासमोर धरलं, ते बराच वेळ तसंच हललं, आणि मग तो कलम नावाच्या बाईची बातमी घेऊन आमच्या घरी गेला. मी उरलेला दिवस बैलांच्या मध्ये बसून काढला.

दुसऱ्या दिवशी खुशबू आली. हातात डबा होता.

"बाबा, आई इचारते, डबा पाठवला तं चालन का, का त्याचं बी काही कलम हाये?"

मी तेव्हाही काही समजलो नाही. डबा घेतला. आत चिन्नीची भाजी होती, माझ्या आवडीची. मला एवढंच वाटलं की तिला अजून माझी आवड आठवते, आणि तिचं पद माझ्यामुळे जाणार.

सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. मी सगळ्यात मागे खांबाला पाठ लावून बसलो. माझ्या बाजूला राजकुमार येऊन बसला. (मुद्दाम. मी पळू नये म्हणून.) सत्यभामा समोर खुर्चीवर होती, पदर डोक्यावरून, चेहरा शांत. माझ्या हाताला घाम फुटला होता आणि जिलेबीचा पाक त्यात मिसळत होता.

परसराम उठला. मोबाइल वर धरला.

"सरपंचबाईच्या घरासमोर रस्त्यावर ओटा बांधला हाये. हा फोटो. कलम चौदा. पद रद्द झालं पायजे!"

मोबाइल हातोहात फिरला. लोक बोटांनी फोटो मोठा करून ओट्याऐवजी माझी मिशी बघत होते. ग्रामसेवकांनी पेन उचललं. सत्यभामा काही बोलणार तेवढ्यात मी उभा राहिलो. कसा उभा राहिलो मला माहीत नाही.

"ओटा माहा हाये!" मी ओरडलो. "पन मी सरपंचबाईच्या कुटुंबात नाही! मी अलग राहतो. कोठ्यात. सगळ्यायनं पाह्यलं हाये. माह्या बांधकामापायी त्या बाईचं पद घेऊ नका!"

राजकुमार तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. कलम म्हणजे काय हे त्याला बहुधा त्याच क्षणी कळलं.

"नाटक हाये हे!" परसराम म्हणाला.

"ग्रामसेवक भाऊ," सत्यभामा म्हणाली, "हे बोलले ते लिहू नका. मी बोलते ते लिहा."

ती उठून उभी राहिली.

"ओटा रस्त्यावरच हाये. मी प्रशिक्षनाहून आली त्याच संध्याकाळी मले दिसला. तो तोडाचा ठराव आजच्या सभेत मीच मांडन, हे मी दुसऱ्याच दिवशी बीडीओ साहेबायले सांगून ठेवलं हाये. ज्याले भंडाऱ्याले फोटो न्याचा असन त्यानं न्यावा. पन परसरामभाऊ, कलम चौदा उपसरपंचाले बी लागते. जाताना तुमच्या उकिरड्याचा फोटो बी घेऊन जा. तो कोनाच्या जागेत हाये, ते साऱ्या गावाले मालूम हाये."

लोक हसले. परसरामनं मोबाइल परत मागून घेतला आणि कोणाचा तरी महत्त्वाचा फोन आल्यासारखा त्यात बघत खाली बसला.

"आता राह्यलं कुटुंबाचं," सत्यभामा म्हणाली, आणि इथे तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "हा मानूस माहं पद वाचवाले घर सोडून बैलायमंधी जाऊन झोपला. घर सोडाचं का नाही, हे त्यानं तुमसरात भुपेंद्रले इचारलं, भुपेंद्रनंच मले सांगतलं. मले नाही इचारलं. दोन लेकरं मोठी झाली, तरी बायकोले एक गोष्ट इचाराची हिंमत नाही झाली. मी रोज वाट पाहून राहिली होती का आता येईन, आता सांगन." तिनं पदर सारखा केला. "लिहा. टेकचंद पटले हे सरपंचाचं कुटुंब होय. पद राहो का जावो."

मला समोरचं धूसर दिसायला लागलं. इतक्या लोकांत, चारचौघांत, झेंड्याच्या समोर, ती मला कुटुंब म्हणाली होती. माझ्या छातीवरून धानाचं पोतं उतरल्यासारखं वाटलं. इतके दिवस अंगात भरलेली भीती एकदम गेली आणि तिच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही, पण मला हसायचं होतं, रडायचं होतं आणि घरी जायचं होतं. त्यानंतर सत्यभामा आणखी काहीतरी बोलत होती, ग्रामसेवक लिहीत होते, मान डोलवत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता.

ती काय बोलत होती ते मला नंतर कळलं. टेकचंद पटले यांनी ओटा स्वतःच्या हातानं तोडावा, मलबा रस्त्याच्या खड्ड्यांत भरावा, आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्या अख्ख्या रस्त्याची नाली दर रविवारी स्वतः साफ करावी, असा तो ठराव होता. विषय आपल्या घरचा असल्यामुळे आपण मत देणार नाही, असंही तिनं सांगितलं होतं. म्हणजे माझ्या बाजूनं उभं राहू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला कायद्यानं गप्प बसवलं होतं.

मला फक्त एवढंच दिसलं की लोक हात वर करत आहेत. मला वाटलं, तिच्यासाठी करत आहेत. केवढा अभिमान वाटला मला! राजकुमारनंही हात वर केला, तर लोकांनी तो खाली घ्यायला लावला, एमपीचं मत इथं चालत नाही म्हणून. परसरामचाही हात वर होता. मग मी मागे कसा राहणार?

ग्रामसेवकांनी हात मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि "सर्वानुमते मंजूर" असं लिहून माझ्याकडे बघितलं.

"टेकचंदभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही दोन्ही हात वर केले हाये, पन मत एकच धरलं."